नवा राउटर घरी बसवताना: कोणत्या सेटिंग्ज बदलाव्यात आणि कोणत्या तशाच ठेवाव्यात

नव्या राउटरच्या खोक्यातून राउटर, अडॅप्टर, जेमतेम मीटरभर लांबीची लॅन केबल आणि अनेक भाषांत छापलेली एक घडीपत्रिका निघते. पत्रिकेत जोडणीची चार चित्रे असतात, मात्र राउटरच्या सेटिंग्जचे पान उघडल्यावर जे पन्नास-साठ पर्याय समोर येतात, त्यांच्याविषयी तिच्यात चकार शब्द नसतो. सोसायटीतील शेजाऱ्यांचे आणि नातेवाइकांचे राउटर बसवून देताना मला जे प्रश्न विचारले जातात, ते बहुधा याच पर्यायांबद्दलचे असतात: हे चालू करू का, ते बंद करू का, याने वेग वाढेल का. माझा अनुभव असा आहे की त्यांपैकी दहा-बारा पर्यायांनाच हात लावावा लागतो आणि बहुतेक घोळ चुकीच्या क्रमामुळे होतात. दोष तारेत असताना माणूस वायफायचे चॅनेल (लहरींची मार्गिका) बदलत बसतो, आणि तार नीट झाल्यावर आधी काय काय बदलले होते हे त्याला आठवत नाही. म्हणून या लेखात मी आधी तार, मग कुलुपे, मग वायफायच्या लहरी आणि बाकीचे सर्व त्यानंतर, असाच क्रम ठेवला आहे.

उदाहरणादाखल आपल्याकडील शहरांत हल्ली सर्रास आढळणारी मांडणी घेऊ: दोन बेडरूमची सदनिका, २०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन, इंटरनेट कंपनीच्या माणसाने भिंतीवर लावलेली एक डबी आणि बाजारातून स्वतः आणलेला दोन बँडचा, म्हणजे दोन लहरपट्ट्यांवर बोलणारा, वायफाय ६ राउटर.

आधी तार

भिंतीवरच्या त्या डबीला ओएनटी म्हणतात. फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाचे तारेतल्या संकेतात रूपांतर करणे हे तिचे मूळ काम. हिरव्या टोपणाची बारीक तार तिच्यात शिरते. ती तार ओढू नये, खिळ्याला गुंडाळू नये आणि तिचे टोक काढून डोळ्यासमोर तर अजिबात धरू नये, कारण आतला लेसर डोळ्यांना दिसत नाही. डबीवरचा ‘एलओएस’ नावाचा लाल दिवा लुकलुकत असेल, तर प्रकाशच पोहोचत नाही असे समजावे आणि राउटरला दोष न देता थेट तक्रार नोंदवावी. काही डबींच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची पातळी डीबीएम या एककात दिसते. घरगुती जोडण्यांत ही पातळी साधारणपणे उणे ८ ते उणे २७ यांच्या दरम्यान असावी लागते. उणे २७ च्या आसपास रेंगाळणारी जोडणी पावसाळ्यात किंवा तार जराशी वाकली तरी तुटू लागते. तक्रार करताना हा आकडा सांगितला, तर समोरचा माणूस ‘एकदा बंद करून चालू करा’ या उत्तरावर थांबत नाही.

बहुतेक वेळा ही डबी स्वतःच एक राउटर असते आणि तिचे स्वतःचे वायफायही असते. तिच्यापुढे आपला नवा राउटर जसाच्या तसा जोडला, की घरात एकामागे एक दोन राउटर उभे राहतात आणि दोघेही जोडलेल्या यंत्रांना नेटवर्कवरचे पत्ते वाटू लागतात. साधे ब्राउझिंग आणि व्हिडिओ अशा स्थितीतही चालतात, त्यामुळे अनेकांना हे कधी कळतही नाही. परंतु डबीच्या वायफायवर असलेल्या फोनला राउटरला जोडलेला प्रिंटर सापडत नाही, ऑनलाइन खेळ अडखळतात आणि बिघाड शोधताना दोन्ही पाने तपासावी लागतात. यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे कंपनीला सांगून डबी ब्रिज मोडमध्ये टाकून घ्यावी, म्हणजे ती केवळ रूपांतराचे काम करते आणि राउटरची सर्व कामे नव्या यंत्राकडे येतात. दुसरा म्हणजे नव्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये ठेवावे, म्हणजे पत्तेवाटप डबीच करते आणि नवे यंत्र फक्त चांगले वायफाय देते. नव्या राउटरच्या सुविधांसाठी पैसे मोजले असतील, तर पहिला उपाय योग्य; केवळ आतल्या खोलीत रेंज हवी असेल, तर दुसरा पुरेसा आहे. डबीमधूनच लँडलाइन फोन किंवा टीव्ही चालत असेल, तर ब्रिज मोड मागण्यापूर्वी त्या सेवांचे काय होईल हे आधी विचारून घ्यावे.

डबीतून निघालेली लॅन केबल राउटरच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरचे इंटरनेट आत येण्याच्या खाचेत, जाते. हे पोर्ट बहुधा वेगळ्या रंगाचे असते किंवा बाकीच्या पोर्टांपासून थोडे अंतर राखून असते. त्यानंतर जोडणीचा प्रकार विचारला जातो. पीपीपीओई (लॉगिन करून होणारी जोडणी) असेल तर कंपनीने दिलेले यूजरनेम आणि पासवर्ड भरावे लागतात. डायनॅमिक आयपी (आपोआप मिळणारा पत्ता) असेल तर काहीच भरावे लागत नाही. स्टॅटिक आयपी (कायमचा ठरलेला पत्ता) असेल तर कंपनीकडून मिळालेले चार-पाच आकडे भरावे लागतात. काही कंपन्यांच्या जोडणीत व्हीलॅनचा (एकाच तारेतल्या सेवा वेगळ्या ठेवणाऱ्या विभागाचा) एक क्रमांकही लागतो, आणि तो न भरल्यास बाकी सारे बरोबर असूनही जोडणी होत नाही. येथे एक कळकळीची सूचना: पीपीपीओईचा पासवर्ड हाती आल्याशिवाय जुना राउटर रिसेट करू नये. जोडणी घेताना इंटरनेटवाल्याच्या मुलाने तो परस्पर भरलेला असतो, आपल्याकडे तो लिहिलेला नसतो आणि रविवारी संध्याकाळी हेल्पलाइन तो सांगेलच असे नाही.

यूजरनेम, पासवर्ड बरोबर असूनही जोडणी नाकारली गेली, तर कंपनीने जुन्या यंत्राचा मॅक पत्ता (यंत्राची कारखान्यात ठरलेली ओळख) नोंदवून ठेवलेला असण्याची शक्यता असते. अशा वेळी हेल्पलाइनला नवा मॅक पत्ता कळवावा, किंवा राउटरमधील ‘मॅक क्लोन’ या पर्यायाने जुना पत्ता नव्या यंत्राला द्यावा. फोन करणे सरळ पडते.

सेटिंग्जच्या पानावर जाण्याचा पत्ता राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर असतो. बहुधा तो १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असा असतो (अर्थात ब्राउझरमध्ये हे आकडे इंग्रजी अंकांत टाकायचे). डबी आणि राउटर या दोघांचा पत्ता एकच असेल, तर राउटरच्या लॅन सेटिंगमध्ये तो १९२.१६८.१०.१ असा काही वेगळा करावा. हल्ली कंपन्या मोबाइल ॲपनेच मांडणी करण्याचा आग्रह धरतात. ॲप सोयीचे असते, पण त्यात काही पर्याय दिसतच नाहीत आणि खाते उघडण्याची सक्तीही असू शकते, म्हणून पहिली मांडणी मी लॅपटॉपला केबल जोडून ब्राउझरमधूनच करतो.

वायफायला हात लावण्यापूर्वी, याच केबलने जोडलेल्या लॅपटॉपवर वेगाची चाचणी घ्यावी. येथे एक प्रसंग सांगतो. माझ्या एका नातेवाइकांकडे प्लॅन २०० चा होता, राउटर नवा होता आणि चाचणी काही केल्या ९४ च्या पुढे सरकत नव्हती. त्यांनी चॅनेल बदलले, डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणारी सेवा) बदलला, राउटर हॉलमधून बेडरूममध्ये नेला, आणि शेवटी राउटर परत करण्याच्या बेतात असताना मला बोलावले. चाचणीत ९३-९४ हा आकडा चिकटून बसला, की मला वायफायचा संशय येत नाही, कारण १०० एमबीपीएसच्या तारेतून वरखर्च वजा जाता हातात नेमके तेवढेच पडते. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन पोर्टपुढे १००० ऐवजी १०० लिहिलेले होते. डबीकडून येणाऱ्या केबलचे पारदर्शक टोपण उजेडात धरून पाहिले, तर आठांपैकी चारच तारा आत गेलेल्या होत्या: नारिंगी आणि हिरवी जोडी बसवलेली, निळी आणि तपकिरी जोडी मुळाशी कापून टाकलेली. चार तारांवर १०० चा वेग मिळतो. गीगाबिटसाठी, म्हणजे १००० साठी, आठही तारा लागतात. केबल बरी होती, नवे टोपण आठ तारांनिशी बसवून घेतले आणि चाचणी १९० च्या वर गेली. खोक्यातली छोटी केबल लावून आधीच पाहिले असते, तर त्यांचे दोन रविवार वाचले असते. स्वस्तातल्या काही राउटरांना मुळातच १०० चे पोर्ट असते, तेव्हा खरेदीपूर्वी ‘गीगाबिट पोर्ट’ हे शब्द खोक्यावर शोधावेत.

वेगाच्या एककाचा गोंधळही येथेच मिटवून टाकावा. प्लॅनमधला आकडा मेगाबिटमध्ये असतो आणि संगणकावर फाइल उतरताना दिसणारा आकडा बहुधा मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून २०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला २५ मेगाबाइट हा कमाल वेग झाला. तेवढा मिळत असेल, तर कंपनीने फसवलेले नाही.

मग कुलुपे

राउटरला दोन वेगवेगळे पासवर्ड असतात आणि ही गोष्ट मला दर वेळी समजावून सांगावी लागते. एक पासवर्ड वायफायला जोडण्यासाठी असतो, तो पाहुण्यांना दिला जातो. दुसरा सेटिंग्जच्या पानाचा असतो, तो कोणालाच द्यायचा नसतो. वायफायचा पासवर्ड बदलला म्हणजे काम झाले असे समजून दुसरा ‘अ‍ॅडमिन’ असाच ठेवला, तर घराचे दार लावून किल्ली पायपुसण्याखाली ठेवल्यासारखे होते. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातील कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारी यंत्रे) आणि राउटर लाखोंच्या संख्येने ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेल्या यूजरनेम-पासवर्डांची एक छोटी यादी एकामागून एक लावून पाहत. त्यात फार मोठी हुशारी लागली नव्हती.

वायफायचा पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा असू शकतो. अवघड चिन्हांच्या आठ अक्षरांपेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार साधे शब्द जोडून केलेला लांब पासवर्ड अधिक मजबूत असतो, आणि टीव्हीच्या रिमोटने टाकतानाही त्रास कमी होतो. मोबाइल क्रमांक आणि मुलांची नावे टाळावीत. नेटवर्कच्या नावात आडनाव आणि फ्लॅट क्रमांक घालण्याची पद्धत आहे. जिन्यात उभ्या असलेल्या प्रत्येकाला ती माहिती देण्याचे काहीच कारण नाही.

सुरक्षेच्या प्रकारात डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ या कुलूपपद्धतींचा मिश्र पर्याय निवडावा. डब्ल्यूपीए२ हे २००४ सालचे आणि डब्ल्यूपीए३ हे २०१८ सालचे. केवळ डब्ल्यूपीए३ निवडले, तर जुना प्रिंटर आणि बहुतेक स्वस्त स्मार्ट प्लग जोडलेच जाणार नाहीत. मिश्र पर्यायात नवे फोन नव्या पद्धतीने आणि जुनी यंत्रे जुन्या पद्धतीने जोडली जातात. यादीत डब्ल्यूईपी किंवा नुसते डब्ल्यूपीए या जुन्या, कच्च्या पद्धती दिसल्या, तरी त्या निवडू नयेत.

डब्ल्यूपीएस बंद करावे. बटण दाबून पासवर्डाशिवाय जोडणी करण्याची ही सोय आहे, परंतु तिच्या आठ अंकी पिनमधील दोष २०११ सालीच जाहीर झाला होता. राउटर त्या पिनचे पहिले चार अंक वेगळे तपासतो आणि नंतरचे तीन वेगळे, आठवा अंक तर केवळ पडताळ्याचा असतो. त्यामुळे कोट्यवधी शक्यतांऐवजी दहा हजार अधिक एक हजार, म्हणजे फक्त ११,००० प्रयत्नांत पिन सापडू शकते. प्रिंटर जोडण्यासाठी बटण हवेच असेल, तर तेवढ्यापुरते चालू करून पुन्हा बंद करावे आणि पिनचा पर्याय कायमचा बंद ठेवावा. बाहेरून सेटिंग्ज बदलू देणारे ‘रिमोट मॅनेजमेंट’ही बंदच असावे. यूपीएनपीमुळे घरातील कोणतेही यंत्र राउटरला परस्पर बाहेरचा दरवाजा उघडायला सांगू शकते. गेमिंग कन्सोल नसेल, तर तेही बंद करावे.

नेटवर्कचे नाव लपवणे आणि मॅक फिल्टर (ठरावीक मॅक पत्त्यांच्या यंत्रांनाच प्रवेश) लावणे हे दोन उपाय मात्र मला दिखाऊ वाटतात. लपवलेले नाव साध्या साधनांनी दिसते, वर आपला फोन जाईल तिथे ते नाव पुकारत फिरतो. मॅक फिल्टरबद्दल पुढे सांगतो.

गेस्ट नेटवर्क ही नव्या राउटरमधील सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी वापरली जाणारी सोय आहे. गणपतीत घरी वीस माणसे येतात, त्यांतील निम्मी वायफाय मागतात आणि तो पासवर्ड त्यांच्या फोनमध्ये वर्षानुवर्षे राहतो. गेस्ट नेटवर्क चालू करून त्याला वेगळा पासवर्ड द्यावा, ‘घरातील यंत्रांशी संपर्क’ हा पर्याय बंद ठेवावा आणि सण उरकला की पासवर्ड बदलावा. स्मार्ट बल्ब, प्लग आणि कॅमेरेही मी याच नेटवर्कवर टाकतो, कारण या यंत्रांना सुरक्षेचे अपडेट क्वचितच येतात, आणि लॅपटॉपशी बोलण्याचे त्यांना काही कारण नसते.

वायफायच्या लहरी

सेटिंग्जच्या आधी जागा. राउटर टीव्हीच्या कपाटात, लोखंडी कपाटामागे, आरशाशेजारी किंवा फ्रीजवर ठेवलेला असेल, तर पुढचे सर्व परिच्छेद वाचून फारसा उपयोग नाही. धातू लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषून घेते. आरसीसीच्या भिंती आणि जुन्या वाड्यांच्या दगडी भिंती यांतून ५ गीगाहर्ट्झच्या लहरी फार लवकर थकतात. घराच्या साधारण मध्यावर, छातीच्या उंचीपेक्षा जरा वर आणि उघड्यावर ही उत्तम जागा. डबी दाराजवळ असते म्हणून राउटरही तिथेच हवा असे नाही. आठ तारांची कॅट५ई केबल गीगाबिट वेगाने १०० मीटरपर्यंत जाते.

राउटर दोन बँडवर बोलतो. २.४ गीगाहर्ट्झचा बँड दूर पोहोचतो, पण त्यात गर्दी फार असते. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह हे सर्व तिथेच असतात. ५ गीगाहर्ट्झचा बँड वेगवान असतो आणि एक-दोन भिंतींपलीकडे मंदावतो. ‘स्मार्ट कनेक्ट’ हा पर्याय चालू केला, की दोन्ही बँडना एकच नाव मिळते आणि फोनने कोणत्या बँडवर जायचे हे राउटर सुचवतो. माझे मत असे की पहिले काही दिवस हा पर्याय बंद ठेवून दोन बँडना दोन नावे द्यावीत. स्मार्ट प्लग, गीझरचे टाइमर आणि बहुतेक कॅमेरे फक्त २.४ वर चालतात, आणि ते जोडताना फोन ५ वर असला तर जोडणी अनेकदा अर्ध्यातच फसते. सर्व यंत्रे एकदा जोडून झाली, की हवे तर स्मार्ट कनेक्ट चालू करावे. मात्र तेव्हा एकत्रित नाव २.४ बँडचेच ठेवावे, म्हणजे प्लग पुन्हा जोडावे लागणार नाहीत.

२.४ बँडमध्ये चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकीच एक निवडावे. चॅनेले एकमेकांपासून ५ मेगाहर्ट्झवर आहेत आणि एक चॅनेल साधारण २० मेगाहर्ट्झ जागा व्यापते, त्यामुळे एकमेकांवर न चढणारी ही तीनच उरतात. ‘माझ्या इमारतीत ६ वर गर्दी आहे म्हणून मी ४ घेतले’ असे करणारा माणूस १ आणि ६ दोन्हींच्या गोंगाटात जाऊन बसतो. रुंदी २० ठेवावी. ४० केल्यास कागदावर वेग दुप्पट होतो आणि प्रत्यक्षात इमारतीतल्या निम्म्या राउटरांशी टक्कर होते. अँड्रॉइडवरील वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारच्या ॲपमध्ये आजूबाजूचे राउटर डोंगरांच्या आकारात दिसतात, त्यावरून सर्वांत मोकळे चॅनेल ठरवावे.

५ बँडमध्ये रुंदी ८० ठेवावी. १६० चा पर्याय मोकळ्या बंगल्यात ठीक, इमारतीत नाही. येथे ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१ ही चॅनेले निर्धोक आहेत. ५२ ते १४४ या चॅनेलांचा पट्टा रडारांबरोबर वाटून घेतलेला आहे, काही हवामान रडारही त्यातच काम करतात. त्यामुळे तिथे राउटरला आधी किमान मिनिटभर ऐकत थांबावे लागते आणि रडारची चाहूल लागली की चॅनेल सोडावे लागते. राउटर चालू केल्यावर ५ चे नाव उशिरा दिसते किंवा अधूनमधून अचानक नाहीसे होते, याचे कारण पुष्कळदा हेच असते. चॅनेल ‘ऑटो’वरून काढून ३६ किंवा १४९ केले, की तक्रार थांबते. प्रदेशाच्या जागी भारतच निवडावा.

बीमफॉर्मिंग, एमयू-मिमो आणि ओएफडीएमए हे लहरी यंत्रांकडे वळवण्याचे आणि त्यांच्यात वाटण्याचे तीन पर्याय चालू असतील तर चालू राहू द्यावेत. त्यांनी घरातला फरक डोळ्यांना दिसेलच असे नाही. एखादे जुने यंत्र वारंवार तुटत असेल, तर २.४ बँडवरील ओएफडीएमए तेवढे बंद करून पाहावे.

खोक्यावरच्या ‘एएक्स१५००’ किंवा ‘एसी१२००’ या आकड्यांबद्दल बोलायचे, तर ती दोन्ही बँडच्या सैद्धांतिक वेगांची बेरीज असते. एएक्स१५०० म्हणजे २.४ वर ३०० आणि ५ वर १२०१. एक फोन एका वेळी बहुधा एकाच बँडवर असतो आणि त्या बँडच्याही छापील वेगाच्या निम्मा-अधिक वेग मिळाला, तरी चांगला समजावा. २०० एमबीपीएसच्या जोडणीला तो पुरून उरतो.

आतल्या खोलीत तरीही रेंज येत नसेल, तर रिपीटर हा शेवटचा पर्याय मानावा, कारण एकाच बँडवर ऐकून त्याच बँडवर पुन्हा बोलणारा रिपीटर वेग साधारण निम्मा करतो. केबल ओढून दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावणे हाच सर्वांत टिकाऊ उपाय आहे. जुना राउटर त्यासाठी चालतो.

बाकीचे पर्याय

प्रिंटर आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर यांना ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’मधून कायमचा पत्ता द्यावा. असे न केल्यास वीज जाऊन आली की राउटर त्यांना नवा पत्ता देऊ शकतो आणि लॅपटॉप जुन्या पत्त्यावर प्रिंटर शोधत राहतो.

डीएनएस बदलल्याने फाइल उतरण्याचा वेग वाढत नाही. फक्त संकेतस्थळाचे नाव शोधण्याचे काम कदाचित लवकर होते. कंपनीचा डीएनएस वारंवार बंद पडत असेल, तर १.१.१.१ किंवा ८.८.८.८ भरावा. घरात लहान मुले असतील, तर १.१.१.३ हा प्रौढ मजकूर आणि घातक संकेतस्थळे गाळणारा पत्ता वापरता येतो, मात्र आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) चालू असल्यास त्याचाही तसाच डीएनएस भरावा लागतो. शिवाय फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ लावणाऱ्या मुलाला ही गाळणी अडवू शकत नाही.

पेरेंटल कंट्रोलमध्येही अशीच एक मेख आहे. ही सोय यंत्र ओळखते ते मॅक पत्त्यावरून, आणि अँड्रॉइड १० तसेच आयओएस १४ पासून फोन आपला खरा पत्ता लपवून बनावट पत्ता दाखवतात. नेटवर्क विसरून पुन्हा जोडले किंवा फोनमधली सेटिंग बदलली, की नवा पत्ता मिळू शकतो आणि राउटरच्या लेखी तो अनोळखी फोन ठरतो. मॅक फिल्टर कुचकामी ठरण्याचे एक कारणही हेच. मुलाच्या फोनमध्ये घरच्या वायफायपुरता खरा मॅक पत्ता निवडावा लागतो. आणखी एक गोष्ट म्हणजे राउटरचे घड्याळ. एका शेजाऱ्यांनी रात्री १० ला नेट बंद होण्याची वेळ लावली होती आणि मुलगा मजेत खेळत बसायचा, कारण राउटरचे घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर होते आणि नेट बंद व्हायचे ते पहाटे साडेतीनला. टाइम झोन अधिक ५:३० केल्यावर वहिनींचे समाधान झाले, मुलाचे झाले नाही.

क्यूओएसचा, म्हणजे कोणत्या कामाला आधी वाट द्यायची हे ठरवणाऱ्या सोयीचा, उपयोग घरात कोणी मोठी फाइल चढवत असताना दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल अडखळत असेल, तरच आहे. तो चालू करताना जोडणीच्या वेगाचा आकडा खऱ्या वेगापेक्षा थोडा कमी, म्हणजे २०० साठी १८० च्या आसपास भरावा, म्हणजे रांग कंपनीच्या यंत्रात न लागता आपल्या राउटरमध्ये लागते आणि तो तिची व्यवस्था लावू शकतो. स्वस्त राउटरमध्ये मात्र हा पर्याय चालू केला की प्रोसेसरवर भार पडून एकूण वेगच घटतो. चालू करण्यापूर्वी आणि नंतर चाचणी घेऊन ठरवावे.

घराबाहेरून डीव्हीआर पाहण्यासाठी पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली विनंती घरातल्या यंत्राकडे पाठवणे) करूनही जमत नसेल, तर राउटरच्या पानावरील वॅन पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल, तर कंपनीने अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिलेला आहे आणि राउटरमध्ये काहीही केले तरी बाहेरून दार उघडणार नाही. कंपनीकडून स्टॅटिक आयपी विकत घ्यावा, किंवा डीव्हीआरच्या ॲपमधील क्लाउड जोडणी वापरावी. बहुतेकांना दुसरा मार्ग पुरतो. आयपीव्ही६ कंपनी देत असेल तर चालू करावे आणि त्याचा फायरवॉल (बाहेरून येणारे अडवणारी भिंत) चालू असल्याची खात्री करावी.

फर्मवेअर, बॅकअप आणि वीज

वर सांगितलेले काहीही करण्यापूर्वी फर्मवेअर (राउटरचे आतले सॉफ्टवेअर) अद्ययावत केले तर उत्तम, कारण काही वेळा अपडेटनंतर सेटिंग्ज पुसल्या जातात. ऑटोमॅटिक अपडेट असेल, तर ते पहाटेच्या वेळेवर ठेवावे. फाइल हाताने उतरवून घ्यायची असल्यास तळाच्या कागदावरील मॉडेल आणि त्यापुढचा व्ही१, व्ही२ असा हार्डवेअर क्रमांक दोन्ही जुळले पाहिजेत. चुकीच्या आवृत्तीची फाइल यंत्र कायमचे निकामी करू शकते. अपडेट चालू असताना वीज गेली तरीही तोच धोका, म्हणून लोडशेडिंगच्या गावी हे काम विजेच्या बॅकअपवरच करावे.

त्या बॅकअपसाठी हल्ली मिळणारा छोटा यूपीएस घेताना अडॅप्टरवरचा व्होल्टचा आकडा तंतोतंत जुळवावा. १२ व्होल्टच्या राउटरला १२ च हवेत. अँपियर मात्र छापलेल्या आकड्याइतके किंवा त्याहून जास्त असले तरी चालतात. डबी आणि राउटर या दोघांनाही वीज लागते, तेव्हा दोन आउटपुटचा यूपीएस घ्यावा किंवा दोन घ्यावेत. राउटर चालू आणि डबी बंद असली, तर फोनवर वायफायची चिन्हे पूर्ण दिसतात आणि नेट मात्र येत नाही. इमारतीतल्या सामाईक स्विचवरून (एक जोडणी अनेक घरांत वाटणाऱ्या यंत्रावरून) केबल येत असेल, तर त्या स्विचला बॅकअप आहे का, हेही केबलवाल्याला विचारावे.

सर्व मनासारखे झाले, की सेटिंग्जच्या पानावरून सेटिंग्जच्या बॅकअपची फाइल उतरवून ठेवावी आणि पीपीपीओईचे यूजरनेम-पासवर्ड, व्हीलॅनचा क्रमांक, सेटिंग्जच्या पानाचा पासवर्ड हे एका कागदावर लिहून तो कागद राउटरच्या रिकाम्या खोक्यात टाकून खोके माळ्यावर ठेवावे. पुढे कधी पासवर्ड विसरला, तर टाचणीने मागचे रिसेटचे छिद्र दहा सेकंद दाबून धरल्यावर राउटर पुन्हा कोरा होतो आणि तेव्हा हाच कागद लागतो.